परवाना, पगार आणि पदोन्नती : आकाशात कारकीर्द घडवणाऱ्या स्त्रियांचा इतिहास

१/
काटई-बदलापूर रस्त्यावर नेवाळी नाका लागतो. तिथून हाजी मलंगकडे वळताना एक विस्तीर्ण, ओसाड माळ दिसतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांच्या कुशीत असलेला हा माळ म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी बांधलेल्या विमानतळाची जागा. येथून आज एकही विमान उडत नाही. आजचा धागा याच जागेपासून सुरू होतो आणि एका प्रश्नाचा माग घेतो : ज्या काळात ही धावपट्टी बांधली गेली, त्या काळापासून आजपर्यंत स्त्रीला आकाशात उपजीविका करण्याची मुभा कोणी, कधी आणि कोणत्या अटींवर दिली? धागा दीर्घ आहे. सवडीने वाचावा.

२/
प्रथम जागेविषयी. १९४२ च्या सुमारास जपानी आक्रमणाच्या भीतीने देशभर तातडीने धावपट्ट्या बांधल्या जात होत्या. नेवाळी परिसरातील शेतकऱ्यांची दीड हजारांहून अधिक एकर जमीन त्या वेळी युद्धासाठी घेतली गेली. युद्ध संपले, जमीन परत आली नाही. जून २०१७ मध्ये संरक्षण खात्याच्या कुंपणाच्या कामावरून येथे आंदोलन पेटले, पोलिसांची वाहने जाळली गेली, शेतकरी जखमी झाले. विमानाचा इतिहास लिहिताना आपण नजर वर ठेवतो. पण प्रत्येक उड्डाणाखाली कोणाची तरी जमीन असते, याचे भान नेवाळी देते.

३/
याच युद्धाने आणखी एक वस्ती निर्माण केली. कल्याणजवळ लष्कराच्या छावण्या उभ्या राहिल्या आणि ‘कल्याण कॅम्प’ हे नाव रूढ झाले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना याच बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्प १ ते कॅम्प ५ हे पत्ते आजही चालतात.

४/
या निर्वासितांनी मागे सोडलेल्या सिंधची राजधानी कराची. टाटांच्या हवाई टपाल सेवेचा आरंभ तिथूनच झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन ‘पस मॉथ’ विमान उडवले आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर उतरले. हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षीची दुसरी घटना मात्र क्वचितच सांगितली जाते. १९३२ मध्ये उर्मिला पारीख यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतीय स्त्रीला मिळालेला हा पहिला परवाना मानला जातो.

५/
म्हणजे टाटांची हवाई टपाल सेवा सुरू झाली, त्याच वर्षी भारतीय स्त्रीच्या हातात परवानाही आला होता. मग विमान कंपनीत स्त्री वैमानिक दिसायला आणखी दीड दशक का लागले? याचे उत्तर परवान्याच्या प्रकारात आहे. त्या काळच्या ब्रिटिश पद्धतीत दोन परवाने असत. ‘अ’ परवाना हौशी उड्डाणासाठी होता, त्याच्या आधारे पैसे कमावता येत नसत. ‘ब’ परवाना व्यावसायिक होता. प्रवासी किंवा टपाल नेऊन त्याचा मोबदला घेण्याचा अधिकार ‘ब’ परवान्यानेच मिळे. ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यातील या अंतरात आपल्या विषयाचा अर्धा इतिहास आहे.

६/
हे अंतर केवळ उड्डाणाच्या तासांचे नव्हते. फ्रान्सच्या रेमोंद द लारोश यांना १९१० मध्येच परवाना मिळाला होता, त्यामुळे स्त्रीला विमान चालवता येते का, हा प्रश्न केव्हाच निकाली निघाला होता. तरीही १९२४ मध्ये आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक आयोगाने ठराव केला की सार्वजनिक वाहतुकीच्या विमानांच्या चालक पथकात स्त्रियांना नोकरी देऊ नये. शब्द नीट पाहा. बंदी उडण्यावर नव्हती, नोकरीवर होती. श्रीमंत घरातील स्त्रीने हौसेने विमान उडवावे, त्याचे कौतुक व्हावे, छायाचित्र छापून यावे. तिने त्यातून पगार मात्र मागू नये.

७/
या ठरावाविरुद्ध लेडी हीथ या वैमानिक उभ्या राहिल्या. आक्षेप असा होता की मासिक पाळीच्या काळात स्त्रीवर भरवसा ठेवता येत नाही. महिन्याच्या कोणत्याही दिवशी आपण तितक्याच कुशलतेने विमान चालवतो, हे त्यांना प्रत्यक्ष उड्डाणे करून सिद्ध करावे लागले. १९२६ मध्ये ठराव मागे घेतला गेला. कागदावरील दार उघडले. पण कागद आणि विमान कंपनी यांच्यात बरेच अंतर असते.

८/
ते अंतर अमेरिकेत हेलन रिची यांनी अनुभवले. १९३४ च्या अखेरीस एका विमान कंपनीने त्यांना सहवैमानिक म्हणून घेतले. वैमानिकांच्या संघटनेने त्यांना सदस्यत्व नाकारले. खराब हवामानात त्यांना उड्डाण देऊ नये, असा सल्ला सरकारी खात्याकडून कंपनीला मिळाला. उड्डाणे इतकी कमी झाली की वर्षभरातच त्यांनी राजीनामा दिला. नोकरी मिळाली होती, काम मिळाले नाही. हा नमुना लक्षात ठेवावा. पुढे भारतातही त्याची आवृत्ती भेटेल.

९/
भारतीय आकाशाला स्त्री वैमानिकाचे दर्शन मात्र त्याआधीच घडले होते. मे १९३० मध्ये एमी जॉन्सन या इंग्रज तरुणीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने विमान नेले. वाटेत इंधन कमी पडल्याने तिला झाशीत लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. लंडनमध्ये टंकलेखिका म्हणून काम करता करता ती उड्डाण शिकली होती. ती जगप्रसिद्ध झाली. तरीही कीर्ती आणि नियमित नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिलाही पुढे कळलेच.

१०/
आता लाहोर. १९३६ मध्ये २१ वर्षांच्या सरला ठकराल यांनी साडी नेसून ‘जिप्सी मॉथ’ विमानाचे एकट्याने उड्डाण केले. लाहोर फ्लाइंग क्लबच्या विमानांवर एक हजार तासांचा अनुभव त्यांनी जमा केला. त्यांचे पती हवाई टपालाचे वैमानिक होते. सरलाबाईंना हौशी परवान्यावर समाधान नव्हते, व्यावसायिक ‘ब’ परवाना हवा होता. त्याच्या प्रशिक्षणासाठी त्या जोधपूरला गेल्या.

११/
१९३९ मध्ये दोन आघात झाले. पतीचा विमान अपघातात मृत्यू झाला आणि महायुद्ध सुरू होऊन नागरी प्रशिक्षण थांबले. ‘ब’ परवाना राहून गेला. त्या लाहोरला परतल्या आणि चित्रकला शिकल्या. फाळणीनंतर दिल्लीत येऊन त्यांनी दागिने व कपड्यांचे आरेखन आणि चित्रकला यांवर चरितार्थ उभारला. समाजमाध्यमांवर त्यांचे साडीतील छायाचित्र दरवर्षी फिरते आणि त्याखाली ‘पहिली भारतीय महिला पायलट’ असे लिहिलेले असते. वर्षांचा हिशेब पाहिला तर उर्मिला पारीख यांचा परवाना त्याआधीचा आहे. पण खरी खंत वेगळी आहे. हजार तास उडूनही त्या स्त्रीला त्या कौशल्यावर एक दिवसाचा पगार मिळाला नाही, ही गोष्ट त्या छायाचित्राखाली कोणी लिहीत नाही.

१२/
युद्धाने एक दार बंद केले, तसे दुसरे उघडलेही. ब्रिटनमध्ये कारखान्यांतून हवाई तळांपर्यंत विमाने पोहोचवण्याचे काम ‘एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलियरी’ ही संस्था करीत असे. तिच्यात स्त्री वैमानिक होत्या. एमी जॉन्सनही होती, आणि जानेवारी १९४१ मध्ये याच कामावर असताना तिचा मृत्यू झाला. १९४३ मध्ये या संस्थेने स्त्री-पुरुष वैमानिकांना समान वेतन लागू केले. अमेरिकेत ‘वास्प’ पथकातील हजारांहून अधिक स्त्रियांनी लष्करी विमाने वाहून नेली आणि ३८ जणींनी प्राण गमावले. त्यांना सैनिकी सेवेचा दर्जा मात्र १९७७ मध्ये मिळाला. युद्ध संपता संपता दोन्ही देशांनी या स्त्रियांना घरी पाठवले. गरज असते तेव्हा स्त्रीची पात्रता सिद्ध होते, गरज सरली की तिची पुन्हा परीक्षा घेतली जाते.

१३/
नेवाळीची धावपट्टी याच काळातली. तिच्यावर उतरणारी विमाने लष्कराची. ‘विमेन्स ऑक्झिलियरी कोअर’ या १९४२ मध्ये स्थापन झालेल्या दलात हजारो स्त्रिया कारकुनी, दूरध्वनी आणि संदेशवहनाची कामे करीत होत्या. पण भारतात स्त्रीच्या हाती लष्करी विमानाचे सुकाणू येण्यास त्यानंतर अर्धे शतक जावे लागले.

१४/
१९४७. प्रेम माथुर यांना व्यावसायिक परवाना मिळाला. अलाहाबादच्या या बाईंनी आठ विमान कंपन्यांकडे अर्ज केले. आठही ठिकाणांहून नकार आला. स्त्री विमान चालवते आहे असे कळल्यास प्रवासी घाबरतील, हा त्यामागचा युक्तिवाद. अखेर हैदराबादच्या डेक्कन एअरवेज या कंपनीने त्यांना सहवैमानिक म्हणून घेतले. १९४९ मध्ये त्यांनी पुरुष स्पर्धकांना मागे टाकून राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली. त्याच वर्षी इकडे कल्याण कॅम्पचे उल्हासनगर होत होते.

१५/
आवश्यक ते तास पूर्ण झाल्यावर प्रेम माथुर यांनी विमानाचे पूर्ण नेतृत्व, म्हणजे कॅप्टनचे आसन मागितले. ते नाकारले गेले. राष्ट्रीय शर्यत जिंकणारी स्त्री उजव्या आसनावर चालेल, डाव्या आसनावर नको. हेलन रिचीचा नमुना येथे थोड्या फरकाने पुन्हा दिसतो. तिला उड्डाणे नाकारली होती, यांना पदोन्नती.

१६/
१९५३ च्या कायद्याने हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. देशांतर्गत सेवेसाठी इंडियन एअरलाइन्स आणि परदेशी सेवेसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल अशी दोन महामंडळे निर्माण झाली. यानंतर स्त्रीला आकाशात नेणारी वाट प्रामुख्याने प्रवाशांच्या सेवेची राहिली. मराठीने या नोकरीला दिलेले नाव पाहा : ‘हवाई सुंदरी’. तेच काम करणारा पुरुष ‘पर्सर’, म्हणजे हुद्दा असलेला कर्मचारी. स्त्रीच्या हुद्द्यात तिचे रूप आले, पुरुषाच्या हुद्द्यात त्याचे काम. शब्द निष्पाप वाटतो. पुढे सेवानियमांनी तोच अर्थ कायद्याच्या भाषेत मांडला.

१७/
दुर्बा बॅनर्जी यांची हकीकत या संदर्भात उद्बोधक आहे. वैमानिकाची नोकरी मागण्यासाठी त्या केंद्रीय मंत्री हुमायून कबीर यांना भेटल्या, तेव्हा मंत्र्यांनी त्यांना हवाई सुंदरीची नोकरी सुचवली, असे सांगितले जाते. बाई ठाम राहिल्या. १९६६ मध्ये त्या इंडियन एअरलाइन्सच्या पहिल्या महिला वैमानिक झाल्या आणि १९८८ मध्ये निवृत्त झाल्या. २२ वर्षांची अखंड सेवा आणि नियत निवृत्ती. ‘कारकीर्द’ हा शब्द ज्यासाठी निःसंकोच वापरावा असा हा आपल्या धाग्यातील पहिला दाखला. पारीख यांच्या परवान्यापासून येथपर्यंत ३४ वर्षे गेली.

१८/
१९६७ मध्ये मुंबईत भारतीय महिला वैमानिक संघटना स्थापन झाली. चंदा बुधभट्टी, रबिया फतेहअली, मोहिनी श्रॉफ ही त्यातील ठळक नावे. एकेकटी ‘पहिली’ असणे आणि पाठीशी संघटना असणे यांत फरक आहे. पहिलीचा सत्कार होतो. संघटना मात्र दुसरीला आणि दहावीला मार्ग विचारायला जागा देते.

१९/
आता या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण. ते विमानात घडले नाही, न्यायालयात घडले. एअर इंडियाचे मुख्यालय मुंबईत होते. तिच्या सेवानियमांनुसार हवाई सुंदरीची नोकरी तीनपैकी जे आधी घडेल त्या वेळी संपे : वयाची ३५ वर्षे पूर्ण होणे, सेवेच्या पहिल्या चार वर्षांत विवाह होणे, किंवा पहिले गर्भारपण. व्यवस्थापकीय संचालकाची मर्जी झाल्यास वयाची मर्यादा ४५ पर्यंत वाढे. त्याच विमानात काम करणारा पुरुष पर्सर ५८ व्या वर्षापर्यंत नोकरीत राही. त्याने लग्न केव्हा करावे, याविषयी नियम काही म्हणत नसत.

२०/
नर्गेश मीर्झा आणि त्यांच्या सहकारी या नियमांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाले आणि २८ ऑगस्ट १९८१ रोजी निकाल लागला. न्या. फझल अली यांनी लिहिलेल्या निकालाने पहिल्या गर्भारपणाची अट रद्द केली आणि ती भारतीय स्त्रीत्वाचा अपमान असल्याचे म्हटले. संचालकाच्या मर्जीवर सोडलेला अनिर्बंध अधिकारही रद्द झाला. एवढेच वाचून थांबले तर हा विजय वाटतो.

२१/
निकालाचा उरलेला भाग वेगळा आहे. हवाई सुंदरी आणि पुरुष पर्सर हे भरती व बढतीच्या दृष्टीने वेगळे वर्ग आहेत, म्हणून त्यांच्या निवृत्तीच्या वयातील फरक भेदभाव ठरत नाही, असे न्यायालयाने मानले. चार वर्षे विवाह न करण्याची अटही कायम ठेवली. कारण काय दिले? मुलीला प्रगल्भता येण्यास अवधी मिळतो आणि कुटुंब नियोजनाच्या कार्यक्रमाला मदत होते. तिसऱ्या गर्भारपणानंतर सेवा संपवणारा नियम केला तर तो वाजवी ठरेल, असेही सूचित केले. पहिले मूल हा हक्क, तिसरे मूल हा अपराध, आणि लग्नाचा मुहूर्त नियोक्त्याच्या हाती.

२२/
‘वेगळा वर्ग’ हा युक्तिवाद कसा चालतो, ते समजून घेण्यासारखे आहे. प्रथम स्त्रियांसाठी वेगळी पदे निर्माण करायची, त्यांना वेगळे नाव, वेगळी बढतीची शिडी द्यायची. नंतर म्हणायचे, ही पदेच वेगळी आहेत, मग समान वागणूक कशी मागता? भेद आधी निर्माण केला जातो आणि मग तोच भेद पुरावा म्हणून सादर होतो. कामगार इतिहासाच्या अभ्यासात हा युक्तिवाद कापड गिरण्यांपासून शाळांपर्यंत अनेक ठिकाणी भेटतो.

२३/
पुढची वाट लांब होती. ऑक्टोबर १९८९ मध्ये निवृत्तीचे वय ५८ करण्याचा सरकारी निर्देश आला. दोनच महिन्यांत त्याला पुरवणी जोडली गेली : विमानात ५० पर्यंत, त्यानंतर ५८ पर्यंत जमिनीवरील काम. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५० ची ही मर्यादा वैध ठरवली. पुढे सरकारी निर्देशानेच तो नियम बदलून विमानातही ५८ वर्षांपर्यंत काम करणे शक्य झाले. शेवटी उरला पदोन्नतीचा प्रश्न : विमानातील कर्मचाऱ्यांची पर्यवेक्षक स्त्री होऊ शकते का? पुरुष पर्सरांनी त्याला आव्हान दिले. नोव्हेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले, होऊ शकते. १९८१ पासून हे साधे उत्तर मिळण्यास ३० वर्षे लागली. एका स्त्रीची संपूर्ण नोकरी त्यात संपते.

२४/
वैमानिकांच्या बाजूला या दरम्यान एक मराठी नाव उजळले. नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्ता ते सिल्चर या मार्गावर फोकर फ्रेंडशिप विमानाचे नेतृत्व केले. सहवैमानिक होत्या निवेदिता भसीन. सर्व कर्मचारी स्त्रिया असलेले हे भारतातील पहिले प्रवासी उड्डाण मानले जाते. सौदामिनी म्हणजे वीज. नाव शोभावे असेच काम. तरीही आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की प्रेम माथुर यांना नाकारलेले डावे आसन आता एका स्त्रीकडे होते आणि उजव्या आसनावर तिच्यामागून येणारी दुसरी स्त्री बसली होती.

२५/
सैन्यातही तोच प्रश्न, नाव मात्र वेगळे. १९९४ मध्ये हवाई दलात स्त्री वैमानिक आल्या आणि हरिता कौर देओल यांनी ॲव्हरो विमानाचे एकटीने उड्डाण केले. पण त्यांना मिळे ते मर्यादित मुदतीचे कमिशन. १९९९ च्या कारगिल युद्धात हेलिकॉप्टर उडवणाऱ्या गुंजन सक्सेना यांची वैमानिक म्हणून कारकीर्द २००४ मध्ये संपली. स्थायी कमिशनचा मार्ग २०१० च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाने हवाई दलात आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने भूदलात रुंद झाला. २०१६ मध्ये लढाऊ विमानांवर पहिल्या तिघी आल्या. मे २०२२ मध्ये आपल्या नाशिकच्या लष्करी हवाई प्रशिक्षण केंद्रातून कॅप्टन अभिलाषा बराक या भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ हवाई अधिकारी म्हणून बाहेर पडल्या.

२६/
आजचे चित्र. महिला वैमानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार भारतातील विमान कंपन्यांच्या वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण १२.४ टक्के होते. जगाची सरासरी ५.८ टक्के. म्हणजे या एका बाबतीत भारत जगाच्या पुढे आहे. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूर हे उत्तर ध्रुवाजवळून जाणारे उड्डाण चौघी वैमानिकांनी पार पाडले, त्यांत आकांक्षा सोनावरे होत्या. मे २०१९ मध्ये मुंबईच्या आरोही पंडित यांनी अतिशय हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला. ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटांच्या त्या १९३२ च्या उड्डाणाच्या स्मरणार्थ भुजहून जुहूपर्यंत विमान आणले, तेही त्यांनीच.

२७/
हे सारे पाहून उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथील बारावीतील एखादी मुलगी विचारेल : मला काय करावे लागेल? कागदावर उत्तर सोपे आहे. बारावीला भौतिकशास्त्र व गणित, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि २०० तासांचे उड्डाण. हे उड्डाण शिकण्यासाठी बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी जावे लागते. खर्च पन्नास लाख रुपयांच्या घरात किंवा त्याहूनही वर. १९२४ मध्ये दार ठरावाने बंद होते. आज ते उघडे आहे, फक्त उंबरा या पट्ट्यातील बहुतेक घरांच्या आयुष्यभराच्या बचतीहून उंच आहे. आणि कर्ज काढायची वेळ आली की ते मुलीसाठी काढावे की मुलासाठी, हा प्रश्न अजूनही अनेक घरांत विचारला जातो.

२८/
त्यामुळे या पट्ट्यातील मुली विमान व्यवसायात येतात त्या बहुतांशी दुसऱ्या दाराने : केबिन क्रू, तिकीट व सामान तपासणीचा काउंटर, सुरक्षा तपासणी, मालवाहतूक, देखभाल. बदलापूर मध्य रेल्वेच्या मुख्य टोकापासून ६८ किलोमीटर दूर आहे. मध्यरात्रीनंतर लोकल थांबते, विमाने थांबत नाहीत. पहाटेच्या पाळीला कामावर पोहोचायचे कसे, घरी सोडणारी गाडी मिळणार का, काम कायम आहे की कंत्राटी, २०१७ च्या कायद्याने दिलेली २६ आठवड्यांची प्रसूती रजा प्रत्यक्षात मिळते का : कारकिर्दीचे आयुष्य आता या प्रश्नांवर ठरते. नर्गेश मीर्झा यांनी विचारलेल्या प्रश्नाचीच ही आजची रूपे आहेत.

२९/
८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. कल्याण-बदलापूर पट्ट्याला तो सांताक्रूझपेक्षा जवळचा आहे. २०१० मध्ये नवी मुंबईला पर्याय म्हणून कल्याणजवळील याच नेवाळीच्या जागेची चर्चा झाली होती, ती तेथेच विरली. नवा विमानतळ या परिसरातील मुलींना अनेक नोकऱ्या देईल. त्या नोकऱ्या किती वर्षांच्या असतील, त्यांत वरच्या पदापर्यंत शिडी असेल की नाही, हे मात्र धावपट्टीच्या लांबीवर अवलंबून नाही.

३०/
इतिहासाच्या वर्गात आम्हाला एक सवय लावली जाते : ‘पहिली स्त्री कोण’ हे विचारून झाल्यावर ‘दुसरी केव्हा आली आणि किती वर्षे टिकली’ हेही विचारावे. पहिलीचे नाव धैर्य सांगते. दुसरीपर्यंतचे अंतर समाज सांगतो. या धाग्यातील वर्षे त्या दृष्टीने पुन्हा वाचावीत. १९३२ : परवाना. १९४७ : व्यावसायिक परवाना. १९६६ : राष्ट्रीय कंपनीत नोकरी. १९८१ : पहिल्या मातृत्वानंतरही नोकरी. २०११ : पर्यवेक्षकाचे पद. परवान्यापासून पदोन्नतीपर्यंत ७९ वर्षे.

३१/
८ मार्चला सर्व कर्मचारी स्त्रिया असलेल्या उड्डाणांची छायाचित्रे येतील. ती आनंदाने पाहावीत आणि पुढे पाठवावीत. सोबत एवढेच आठवावे की त्या गणवेशावरील पट्ट्यांमागे प्रेम माथुर यांचे आठ नकार आहेत आणि विमानातील प्रौढ, अनुभवी पर्यवेक्षिकेच्या पाठीशी न्यायालयांतील ३० वर्षे आहेत. आपल्या ओळखीत कोणी निवृत्त हवाई कर्मचारी, वैमानिक किंवा विमानतळावर नोकरी केलेल्या काकू, मावशी असतील तर त्यांना त्यांच्या नेमणूक पत्रातील अटी विचारा आणि लिहून ठेवा. अशी पत्रे कपाटांतच राहतात आणि कपाटांबरोबर जातात.

धागा समाप्त.